तिसऱ्या उद्गाराची दुपार

मी निवृत्त पाळक आहे असं सांगितलं की समोरचा माणूस आधी "म्हणजे फादर ना?" असं विचारतो आणि मग माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बायकोकडे संशयाने बघतो. तेव्हा आधी हा गुंता सोडवू. आम्ही प्रॉटेस्टंट. आमच्यात धर्मगुरूला पाळक म्हणतात, पाळक लग्न करतो, त्याच्या बायकोला पाळकीणबाई म्हणतात आणि चर्चमधल्या अर्ध्या तक्रारी तिच्या स्वयंपाकघरातच परस्पर मिटतात. चर्चच्या माणसांना मिळून आम्ही मंडळी म्हणतो. परळ-लालबागच्या बाजूला आमचं जुनं दगडी चर्च आहे. मंडळीतली बहुतेक घराणी मूळची नगरकडची. कुणाचे आजोबा गिरणीत होते, कुणाची आजी नर्स, आणि नातवंडं आता गिरण्यांच्याच जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतींत नोकरीला जातात.

लोकांना वाटतं, पाळकाचं काम म्हणजे रविवारी झगा घालून बोलणं. बोलणं हा त्यातला सर्वांत सोपा भाग. अवघड भाग म्हणजे माणसं सांभाळणं, कारण चर्चमध्ये प्रत्येकाला राग येतो आणि प्रत्येकाला वाटतं की आपला राग पवित्र आहे. आमच्याकडे लग्नाआधी तीन रविवार वधूवरांची नावं पुकारतात आणि कुणाची हरकत असेल तर सांगावी असं विचारतात. तो प्रश्न कुणी उत्तर द्यावं म्हणून विचारत नसतात. माझ्या सुरुवातीच्या काळात एक काका खरोखरच उभे राहिले. हरकत काय, तर त्यांना साखरपुड्याचं बोलावणं नव्हतं. तेव्हापासून मंडळीसमोर जाहीर प्रश्न टाकायचा म्हटला की मी आधी ते काका कुठे बसलेत ते बघून घेत असे. आज ज्या दुपारची गोष्ट सांगतो आहे, तेव्हाचा प्रश्न मात्र त्या काकांच्या हरकतीहून फार मोठा होता.

वधस्तंभावर, म्हणजे क्रुसावर, असताना येशू सात वेळा बोलला असं शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, आहे. त्याला आम्ही सात उद्गार म्हणतो. गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन उपासना चालते आणि एकेका उद्गारावर एकेक प्रवचन होतं. प्रवचन, मग शांतता, मग गीत, मग पुढचा उद्गार. शेवटी आशीर्वाद नाही, हस्तांदोलन नाही. लोक मुकाट्याने उठतात, मुकाट्याने चपला घालतात आणि मुकाट्याने फाटकाबाहेर पडतात. मग एकदम ईस्टरच्या रविवारी पहाटेच्या उपासनेलाच एकमेकांशी बोलायचं. आमच्या मंडळीत हा नियम फार कडक. ही सात प्रवचनं कोण करणार हेही ठरलेलं असे. वयाने आणि मानाने मोठे सात पुरुष. त्यातले दोघे दर वर्षी तेच प्रवचन करत आणि लोक तितक्याच भक्तीने दर वर्षी डुलक्या घेत.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी तरुण संघाने हीच उपासना मागितली. तरुण संघ म्हणजे मंडळीतली पोरंपोरी. त्यांनी नाताळात घरोघरी गाणी गात फिरावं, सहल काढावी आणि कार्यक्रम संपला की खुर्च्या उचलाव्यात, अशी आमची समजूत. मागायला दोघं आली होती. संघाची सेक्रेटरी शलोमी, शीवला राहणारी, लोअर परळच्या एका ऑफिसात कामाला. मुलगी हुशार, पण तोंडाने फटकळ. आणि तिच्याबरोबर नोएल, एका लॅबमध्ये टेक्निशियन, गिटार वाजवणारा आणि कुठल्याही संकटात "टेन्शन नका घेऊ काका" म्हणणारा. नोएलचं हे वाक्य ऐकलं की मला हमखास टेन्शन येतं.

चर्चच्या कमिटीत वादळ झालं. आमचे सेक्रेटरी भास्करराव बँकेतून निवृत्त झालेले, शिस्तीचे, मनाने सरळ. ते म्हणाले, हे माकडाच्या हाती कोलीत देणं आहे. दोन-तीन जणांनी गिटारीची भीती घातली. मी ऐकून घेतलं आणि म्हटलं, देऊ, पण सातही प्रवचनं लिहून आणायची आणि आधी मला वाचून दाखवायची. त्यांनी ती आणली. शलोमीकडे तिसरा उद्गार होता. तिचं लिखाण चांगलं होतं, आईवडिलांना मान द्यावा वगैरे सगळं जागच्या जागी. ही पोरगी इतकी गुळगुळीत कधीपासून लिहायला लागली, असा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता.

आता सुशीलामावशींबद्दल सांगायला हवं. त्या महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या आणि रविवारी आमच्या संडे स्कूलमध्ये शिकवत. लग्न केलं नाही. घोडपदेवला चाळीत तिसऱ्या मजल्यावर त्यांची खोली. मंडळीतल्या तीन पिढ्यांना त्यांनी शास्त्रातल्या गोष्टी सांगितल्या आणि मागच्या बाकावर खुसफुस करणाऱ्यांचे कान पिळले. शलोमी आणि नोएल त्यांचेच विद्यार्थी. भास्कररावही त्यांचेच, हे मात्र आम्ही सगळे विसरून गेलो होतो. त्या हिवाळ्यात मावशी न्हाणीत पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला, लांब जायचं तर व्हीलचेअर. शेजारच्या तावडेकाकू, मूळच्या मालवणकडच्या, दिवसभर त्यांचं बघत. मी भेटायला गेलो तेव्हा त्या मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "दिसाचा आमी बघतव. रातीचा कोण रवतला तां सांगा."

मावशींचं जवळचं असं मुंबईत कुणी नव्हतं. एक पुतण्या होता, तो नाशिकला. शेवटी कमिटीने नगरजवळच्या एका वृद्धाश्रमात जागा मिळवली. ईस्टरनंतरच्या सोमवारी पुतण्या गाडी घेऊन येणार आणि मावशींना नेणार असं ठरलं. सांगायला मी आणि भास्करराव गेलो होतो. मावशी "बरं" म्हणाल्या. रविवारी इथल्या चर्चला येता येईल का, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तिथेही चर्च आहे. त्या म्हणाल्या, असेलच की, आणि तावडेकाकूंनी दिलेल्या पेजेची वाटी त्यांनी पुढे ओढली. जिना उतरताना भास्करराव म्हणाले, एक काम मार्गी लागलं. मला काही बरं वाटलं नाही, पण दुसरा मार्ग मलाही दिसत नव्हता.

गुड फ्रायडेच्या दुपारी चर्च गच्च भरलं. पोरं काय गोंधळ घालतात ते बघायला एरवी न येणारेही आले होते. सुशीलामावशी पुढच्या रांगेच्या कडेला व्हीलचेअरमध्ये, पांढऱ्या साडीत. पहिले दोन उद्गार नीट पार पडले. गिटार दिसली नाही. भास्कररावांचे खांदे जरा खाली आले होते.

मग शलोमी वर गेली. तिसऱ्या उद्गारात येशू आपल्या आईला एका शिष्याच्या हवाली करतो आणि तो शिष्य तिला आपल्या घरी घेऊन जातो. शलोमीने तेवढा पाठ वाचला, हातातला कागद घडी करून बाजूला ठेवला आणि मला समजलं की मला वाचून दाखवलेलं ते प्रवचन आज होणार नाही.

ती म्हणाली, "तो शिष्य त्या आईला म्हणाला नाही की एक चांगली संस्था आहे, हवा छान आहे. तो तिला घरी घेऊन गेला."

चर्चमध्ये कुणी तरी खोकलं आणि खोकला अर्ध्यावरच गिळला.

"सुशीलामावशींना येत्या सोमवारी नगरला नेणार आहेत," ती पुढे म्हणाली. "त्यांना रात्रीची सोबत नाही, एवढंच कारण आहे. आठवड्यातून एक रात्र किंवा दिवसातला थोडा वेळ ज्यांना देता येईल, त्यांनी आत्ता उभं राहावं."

मागच्या बाकांवरची तरुण संघाची पोरंपोरी उभी राहिली. ते त्यांचं आधीच ठरलेलं असणार. बाकीचं चर्च बसून राहिलं. माणसं वाईट नव्हती हो. गुड फ्रायडेला मधेच उभं राहायचं असतं की नसतं, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे माझ्याकडे बघू लागले. भास्कररावांनी मला डोळ्यांनी खुणावलं की थांबवा हे. मीही जागचा उठलो होतो. मी पायरी चढून गेलो असतो तर उपासना वाचली असती आणि त्या पोरीचं तोंड कायमचं बंद झालं असतं. गप्प बसलो असतो तर उलटं. अंत्यविधीला कबरीच्या कडेशी उभं राहून मी पुष्कळ वेळा बोललो आहे, पण इतका घाबरलो नव्हतो.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून आवाज आला. "शलोमे."

मावशी वळल्यासुद्धा नव्हत्या. वर्गात फळ्याकडे बघता बघता बोलावं तशा बोलल्या. "मला विचारलंस?"

शलोमीने बाजूला ठेवलेला कागद पुन्हा हातात घेतला.

"कमिटीने विचारलं नाही. येऊन सांगून गेले. तूही विचारलं नाहीस. सगळ्यांसमोर मला मांडून ठेवलंस."

मी गेली कित्येक वर्षं त्या चर्चमध्ये उभा होतो, पण तिथे कुणाचा चेहरा शलोमीइतका पडलेला मी पाहिला नव्हता. मागे उभी असलेली पोरंही आता बसावं की उभं राहावं या पेचात सापडली. भास्कररावांनी मान खाली घातली, कारण पहिला फटका त्यांनाच होता, आणि मलाही. मग शलोमी व्यासपीठावरून खाली आली, व्हीलचेअरपाशी उकिडवी बसली आणि म्हणाली, "चुकले, मावशी. आता विचारते. आम्ही आलो तर तुम्हाला चालेल?"

मावशी आता तिच्याकडे वळल्या. "आज शुक्रवार आहे," त्या म्हणाल्या. "आज उत्तर नसतं. रविवारी सांगीन. जा, वर जाऊन प्रार्थना कर."

ती वर गेली. प्रार्थनेचे शब्द काही तिला जमले नाहीत. नुसतं आमेन म्हणून ती उतरली. चौथा उद्गार नोएलचा होता. देवा, तू मला का सोडलंस, असा प्रश्न येशू विचारतो तो हा. नोएलचं प्रवचन सातांमध्ये सर्वांत लांबलचक होतं, मी ते ऐकून दोनदा कापायला लावलं होतं. तो वर जाऊन एवढंच म्हणाला, की हा प्रश्न विचारला तेव्हा वरून काही उत्तर आलं नाही, आपणही जरा गप्प बसू. आणि बसला. पंखे फिरत होते, बाहेर रस्त्यावर हॉर्न वाजत होते. माझ्या सगळ्या नोकरीत मी तो उद्गार समजावून सांगत आलो, पण इतका वेळ न बोलता बसण्याचं धैर्य मला कधी झालं नाही.

उपासना संपली आणि नियमाप्रमाणे सगळे न बोलता निघाले. एवढा मोठा प्रश्न पोटात घेऊन तो सगळा जमाव मुका चालला होता. तिथे दोघे जरी मोठ्याने भांडले असते तर मला हायसं वाटलं असतं. मावशींना तावडेकाकूंनी टॅक्सीत बसवलं, नोएल मदतीला पुढे झाला तर मावशींनी हातानेच नको म्हटलं. घरी पोचून चहा घेतो तो मंडळीचा व्हॉट्सॲप ग्रुप पेटला होता. जुन्या नियमात तोंड बंद ठेवायला सांगितलं आहे, अंगठ्याबद्दल काही म्हटलेलं नाही.

शनिवारी सकाळीच भास्करराव न बोलण्याचा नियम बाजूला ठेवून आले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. एका म्हाताऱ्या बाईला चव्हाट्यावर आणलं, आता तरुण संघाला यापुढे व्यासपीठ नाही, तसा ठराव मी मांडावा. चव्हाट्यावर आणलं हे खरंच होतं. मी त्यांना म्हटलं, मावशी नाही म्हणाल्या तर ठराव मी स्वतः मांडतो, पण त्यांनी रविवार सांगितला आहे, तर रविवारपर्यंत आपणही थांबू. ते न बसताच गेले. दुपारी शलोमी आली. डोळे सुजलेले. तिला लगेच घोडपदेवला जाऊन माफी मागायची होती. मी जाऊ दिलं नाही. आणखी एकदा त्या बाईच्या अंगावर जाऊन आदळू नकोस, असं जरा कडकच बोललो. पाळकीणबाईंनी तिच्यापुढे पोह्यांची बशी ठेवली, ती तशीच राहिली.

"काका, त्या नाही म्हणाल्या तर?"

"तर सोमवारी त्यांची बॅग उचलून गाडीपर्यंत द्यायला तू जायचंस," मी म्हटलं. "संघाचं पुढचं पुढे."

ती हो म्हणाली. त्या 'हो'वर माझा विश्वास बसला आणि मग मात्र मला तिची काळजी वाटू लागली. या वयात माणूस चर्चमधून एकदा उठून गेला की परत येत नाही. अशी किती पोरं आम्ही शिस्तीच्या नावाखाली घालवली, ते मला चांगलं ठाऊक होतं.

ईस्टरची पहाटेची उपासना आम्ही चर्चच्या अंगणात करतो. दर वर्षी मावशींना आणायला संघाची पोरं जात. या वेळी त्यांचा निरोप होता, कुणी येऊ नका. गीत सुरू झालं, शास्त्रपाठ झाला, मावशींचा पत्ता नाही. शलोमी फाटकाशी उभी होती. भास्करराव पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून. मी प्रवचनाला उभा राहिलो आणि येशू उठल्याची वार्ता सांगताना माझं सगळं लक्ष रस्त्याकडे होतं, हे प्रभूने माफ केलं असावं.

प्रवचन अर्ध्यावर असताना टॅक्सी थांबली. तावडेकाकू उतरल्या आणि त्यांच्या मागोमाग चाळीतल्या गणपती मंडळाची दोन दांडगी पोरं. त्यांनीच मावशींना खुर्चीत बसवून तीन मजले खाली आणलं होतं. मावशींनी वॉकर मागितला आणि फाटकापासून आतपर्यंत त्या स्वतः चालत आल्या. किती वेळ लागला ते विचारू नका. मी बोलायचं थांबलो, सगळे थांबले. शलोमीचा हात पुढे झाला, पण तिने तो मागे घेतला. मावशींच्या ते लक्षात आलं असावं.

त्यांनी मात्र उपासना संपेपर्यंत तोंड उघडलं नाही. आशीर्वाद झाला, चहा आणि उकडलेली अंडी आली, लोक अंडी सोलायचं निमित्त करून जवळपास घुटमळू लागले. मग मावशींनी शलोमीला बोलावलं.

"रात्री फक्त मुलींनी यायचं. दहानंतर मोबाईल बंद. मी घोरते, त्यावर हसायचं नाही. मी पडले तर उचला, त्याआधी हात लावायचा नाही. माझं माझ्या हाताने होतं तोवर मलाच करू द्यायचं. जमेल?"

"जमेल," शलोमी म्हणाली.

"नोएल, तू जिना सांभाळायचा. भास्कर..." भास्करराव अंडं हातात धरून उभे राहिले. त्यांना नुसतं भास्कर म्हणणारं माणूस मंडळीत आता दुसरं उरलं नव्हतं. "माझ्या डोळ्यांना हल्ली बारीक दिसत नाही. गुरुवारी येऊन पेपर वाचून दाखव. अग्रलेखासकट."

भास्करराव एवढंच म्हणाले, "बरं बाई."

"आणि उद्या पुतण्या येईल," मावशी शलोमीला म्हणाल्या. "त्याला चहा तू करायचा आणि मी येत नाही हे सांगायचंही तू. मी त्याला विचारलं नाही म्हणून तो रागावेल. ते तू ऐकून घ्यायचं."

तो रागावला आणि तिने ऐकून घेतलं. पुढे सगळं साजूक तुपातलं झालं असं मात्र कुणी समजू नये. पाळ्या चुकल्या, एका मुलीचं लग्न ठरलं, एकीची पुण्याला बदली झाली, तावडेकाकूंशी दोनदा जोरात वाजलं. मावशींनीही पोरींना रडवलं. पण खोली बंद राहिली नाही. तो ठराव भास्कररावांनी पुन्हा काढला नाही. मी निवृत्त झालो, चर्चचं घर सोडून बदलापूरला राहायला गेलो. पुढच्या गुड फ्रायडेला सातही उद्गार पोरांकडेच होते आणि मी खाली बसून ऐकले. एकदा डुलकीही लागली, ते जाऊ दे.

मावशी गेल्या त्या सकाळी रात्रपाळीला शलोमी होती. तिने आधी नोएलला फोन केला, मग बाकीच्यांना, मग नव्या पाळकांना आणि मग मला. मी घोडपदेवला पोचेपर्यंत उन्हं चांगली वर आली होती. जिना चढताना सवयीने मी मनात शब्द जुळवत होतो. मरणघरी पाळक आला की लोक उठतात, वाट देतात, रडणं जरा थांबतं आणि सगळे त्याच्या तोंडाकडे बघतात. जन्मभर हेच केलेलं. खोलीत पोरींनी मावशींना आंघोळ घालून पांढरी साडी नेसवली होती. तावडेकाकूंनी उशाशी जास्वंदीची फुलं ठेवली होती. भास्करराव भिंतीला टेकून खाली बसले होते. मी उशाशी जाऊन उभा राहिलो, चष्मा काढला, घसा साफ केला.

"काका," शलोमी हळूच म्हणाली, "प्रार्थना झाली. आम्ही केली. तुम्ही बसा, दमला असाल."

क्षणभर मला अपमान वाटला, खोटं कशाला सांगू. नोएलने स्टूल पुढे सरकवलं. मी बसलो. माझ्यासाठी कुणी उठलेलं नव्हतं आणि माझ्या तोंडाकडे कुणी बघतही नव्हतं, सगळे शलोमीकडे बघत होते. तिने मावशींच्या आवडीचं गीत धरलं. पहिली ओळ तिने एकटीने म्हटली, दुसऱ्या ओळीला सगळ्यांनी आवाज मिळवला आणि त्यांच्यातच मीही गाऊ लागलो.